दाढीवाला पोप : भुसावळ ते ओव्हल मैदान, डिसेंबर १९६४

"पोपला मी पाहिलंय गं पोरी. मुंबईला, ओव्हलवर. पांढरी दाढी होती त्यांना, इथपर्यंत." असे म्हणून मावशींनी तळहात छातीवर टेकवला.

या मावशी भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढल्या, जळगावला परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आणि आमच्या घराच्या दोन दारे पलीकडे राहतात. घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले, मराठी कॅथोलिक. वडील भुसावळच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. मी इतिहासात एम. ए. करते आहे हे कळल्यापासून त्या मला दर रविवारी एखादी जुनी गोष्ट सांगतात आणि मी ती वहीत उतरवून घेते. ही गोष्ट उतरवून घेताना मात्र पेन थांबले. कारण १९६४ साली मुंबईला आलेले पोप होते सहावे पॉल आणि त्यांना दाढी नव्हती. १९८६ मध्ये भारतात आलेल्या दुसऱ्या जॉन पॉल यांनाही नव्हती. शेवटचे दाढीवाले पोप म्हणजे बारावे इनोसंट. ते वारले सप्टेंबर १७०० मध्ये. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले होते, इतकी ती जुनी गोष्ट.

तर मग मावशींनी पाहिले कोणाला? आजचा धागा या एका दाढीचा आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी प्रसंग समजून घेऊ. २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या नऊ दिवसांत मुंबईत कॅथोलिक पंथाची ३८ वी आंतरराष्ट्रीय युखरिस्तीय महासभा भरली होती. 'युखरिस्त' म्हणजे मिस्सेत अर्पण होणारी भाकर आणि द्राक्षारस. त्यांत ख्रिस्त प्रत्यक्ष उपस्थित असतो अशी कॅथोलिकांची श्रद्धा आहे. हा ख्रिस्तप्रसाद जगासमोर उघडपणे, सार्वजनिक मैदानात, मिरवणुकीने आणि सामूहिक मिस्सेने गौरवावा, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधली. पहिली महासभा १८८१ मध्ये लील या गिरणगावात भरली. धर्माला सार्वजनिक जीवनातून बाजूला सारू पाहणाऱ्या प्रजासत्ताकाला श्रद्धावंतांनी रस्त्यावर उतरून दिलेले ते उत्तर होते. (आपल्याकडे गणेशोत्सव सार्वजनिक झाला तो त्यानंतर बारा वर्षांनी. कारणे निराळी, पण देवघरातला देव चौकात आणण्याची ही दोन उदाहरणे एकाच काळातली आहेत, हे मला नेहमी लक्षणीय वाटते.) पुढे ही महासभा देशोदेशी फिरू लागली. आशियात ती १८९३ मध्ये जेरुसलेमला, १९३७ मध्ये मनिलाला आणि त्यानंतर थेट मुंबईला आली.

खान्देशच्या वाचकाला यात काही अनोळखी वाटण्याचे कारण नाही. आमच्या मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते. ती सर्वांत दूरवरून येणाऱ्या पालख्यांपैकी एक. पालखीत पादुका असतात. गर्दीतल्या बहुतेकांना त्या पादुका दिसतही नाहीत, तरीही माणूस 'दर्शन झाले' म्हणूनच घरी परततो. ओव्हलवर वेदी होती आणि वेदीवर प्रसाद. तो लांबच्या रांगेतून दिसण्याइतका मोठा नव्हताच. दर्शन या शब्दाचा अर्थ डोळ्यांपुरता मर्यादित नसतो, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. ही तुलना मी यापुढे ताणणार नाही. दोन्हींचे धर्मशास्त्र अगदी वेगळे आहे. पण मावशींच्या दाढीकडे जाताना ही गोष्ट मनात असू द्या.

आता प्रश्न : भुसावळला कॅथोलिक आले कुठून? याचे उत्तर आहे रेल्वे. जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग १८६० च्या दशकाच्या आरंभी या भागात आला आणि तापीकाठचे एक लहान गाव बघता बघता रेल्वेचे नगर झाले. चालक, गार्ड, फिटर, तारबाबू यांच्या बंगल्यांत आणि चाळींत गोव्याची माणसे आली, अँग्लो-इंडियन आली, पुढे नगर जिल्ह्यातली मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आली. नगर जिल्ह्यात केंदळ, संगमनेर, राहुरी या बाजूला जर्मन आणि नंतर स्विस जेझुइटांचे काम होते. त्याच केंदळहून १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. हेच डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. पुणे धर्मप्रांत १८८६ चा. खान्देश त्याच्याच कक्षेत होता. आजचा नाशिक धर्मप्रांत, ज्यात नाशिक, नगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार येतात, तो १९८७ मध्ये वेगळा झाला. म्हणजे १९६४ मध्ये भुसावळच्या, धुळ्याच्या कॅथोलिकाचा बिशप पुण्यात बसे आणि त्याची आगगाडी मात्र मुंबईकडे जाई. श्रद्धेचा नकाशा एक, लोहमार्गाचा दुसरा. अशा वेळी माणसे लोहमार्गाने जातात.

मावशींच्या वडिलांना, अण्णांना, रेल्वेचा पास होता. तो नसता तर पाच जणांचे कुटुंब मुंबईला जाऊच शकले नसते, असे मावशी स्पष्ट सांगतात. आईने कळण्याची भाकरी, ठेचा आणि उकडलेली अंडी बांधून घेतली. फिरकीचा तांब्या होता, तो धाकट्या भावाच्या ताब्यात. चाळीसगावला धुळ्याच्या फाट्यावरून आलेले आणखी एक कुटुंब त्याच डब्यात चढले. त्यांच्याकडे केळी होती, मग भाकरी आणि केळी यांची अदलाबदल झाली. जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड, नाशिक रोड ही स्थानके मावशी आजही एका दमात म्हणतात. इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबली. विजेच्या तारा त्या काळी मुंबईकडून इगतपुरीपर्यंतच आल्या होत्या, त्यामुळे घाट उतरण्याआधी इंजिन बदलावे लागे. अण्णा त्या वेळी मुलांना घेऊन फलाटावर उतरले आणि इंजिन कसे सुटते, कसे जोडले जाते ते त्यांनी दाखवले. बारा वर्षांच्या मावशींना पोपपेक्षा ते इंजिन जास्त नीट आठवते. "अण्णांचं खरं देऊळ तेच होतं," असे त्या हसत म्हणाल्या, आणि मग लगेच, "हे लिहू नकोस." लिहू का, असे पुन्हा विचारून मी लिहिते आहे.

उतरायचे भायखळ्याला नात्यातल्या घरी, तिथून ओव्हलला. एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला चर्चगेटकडच्या इमारती, आणि मध्ये माणसेच माणसे. धूळ. बसायला वर्तमानपत्राचे कागद. पिवळ्या-पांढऱ्या पताका. ध्वनिक्षेपकातून येणारा आवाज, ज्याचा एकही शब्द कळत नव्हता. पाण्यासाठी रांग. धाकट्या भावाने तांब्या हरवला, त्यावरून आईने त्याला भर मिस्सेत चिमटा काढला. मग सगळे एकदम उठले, अण्णांनी मावशींना खांद्यावर घेतले आणि म्हणाले, "बघ, ते बघ." आणि त्यांनी पाहिले : सोनेरी झालरीची वस्त्रे, आणि दाढी.

आता कागदपत्रांकडे येऊ.

१९६४ हे वर्ष भारतासाठी अस्वस्थतेचे होते. मे महिन्यात पंडित नेहरू गेले. लालबहादूर शास्त्रींना पंतप्रधान होऊन सहा महिनेही झाले नव्हते. धान्याचे भाव चढत होते, अमेरिकेहून 'पी. एल. ४८०' चा गहू येत होता आणि भारतीय अन्न महामंडळ स्थापन व्हायला अजून महिनाभर अवकाश होता. अशा वेळी ऑक्टोबरमध्ये रोमहून घोषणा झाली की महासभेला स्वतः पोप येणार. एकही पोप त्याआधी कधी भारतात आला नव्हता.

सर्वांत आधी नाराज झाले ते पोर्तुगाल, एक कॅथोलिक राष्ट्र! डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला होता आणि लिस्बनच्या दृष्टीने ती जखम ताजी होती. परराष्ट्रमंत्री फ्रांको नोगैरा यांनी पोपच्या या भेटीला पोर्तुगालचा विनाकारण केलेला अपमान ठरवले. या नाराजीमागे साडेचारशे वर्षांची सवय होती, हे ध्यानात घ्या. पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगीज राजाचा आश्रयहक्क होता, म्हणजेच 'पाद्रोआदो'. रोमने नंतर स्वतःचे मिशन पाठवले, तेव्हा मुंबईत एकाच गल्लीतली दोन चर्च दोन वेगवेगळ्या सत्तांच्या अधिकाराखाली, असा विचित्र प्रकार कित्येक दशके चालला. १९२८ च्या करारानंतर मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, अशी वाटणी होती. ती संपली १९५० मध्ये. त्या वर्षी वालेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. ते जन्मले कराचीत, घराणे गोव्याचे. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल झाले. ही महासभा त्यांच्या यजमानपदाखाली भरली. तेव्हा ओव्हलवरचे ते दृश्य म्हणजे वसाहतीच्या काळातल्या एका लांबलचक भांडणाचा शेवटही होता. रोमचा बिशप पोर्तुगालला न विचारता भारतात उतरत होता आणि त्याच्या स्वागताला भारतीय कार्डिनल उभा होता.

विरोध देशातही होता. धर्मांतराचा प्रश्न त्या काळी ऐरणीवर होता. मध्य प्रदेशातल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ चा, म्हणजे आठ वर्षांपूर्वीचा. हिंदू महासभेसारख्या संघटनांनी या भेटीविरुद्ध आवाज उठवला. याच वर्षी जन्माष्टमीला, २९ ऑगस्ट १९६४ रोजी, मुंबईतच पवईच्या सांदीपनी साधनालयात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली. एकाच शहरात, तीन महिन्यांच्या अंतराने, दोन धर्मसमुदाय जागतिक पातळीवर एकत्र येण्याचा विचार करत होते. या दोन घटनांचा संबंध किती थेट होता यावर अभ्यासकांची मते निरनिराळी आहेत. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच जाणीव होती : नव्या जगात विखुरलेला समाज दुबळा ठरतो.

२ डिसेंबर, बुधवार. एअर इंडियाचे बोइंग विमान बैरूतमार्गे सांताक्रूझला उतरले. स्वागताला उपराष्ट्रपती झाकिर हुसेन आणि पंतप्रधान शास्त्री. पोप पॉल यांनी हात जोडून नमस्कार केला. विमानतळापासून शहरापर्यंतच्या रस्त्यावर लाखो माणसे उभी होती. त्यांत कॅथोलिक किती असतील? शहराच्या लोकसंख्येचा विचार केला तर उघड आहे की बहुसंख्य नव्हतेच. कोणी मोठा साधू आला आहे, एवढे मुंबईकरांना पुरेसे होते. इथे मला एक गोष्ट फार आवडते. आपण यात्रेकरू म्हणून आलो आहोत, असे पोप स्वतःच सांगत होते. ज्याच्या दर्शनाला यात्रेकरू जमले, तोच स्वतःला यात्रेकरू म्हणवत होता.

३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. गोव्यात त्याच सुमारास झेवियर यांच्या पार्थिव अवशेषांचे दर्शन खुले होते. मुंबईचे कित्येक पाहुणे तिकडेही गेले. पोप मात्र गोव्याला गेले नाहीत. त्या दिवशी ओव्हलवर त्यांनी पाच खंडांतल्या सहा जणांना बिशपपदाची दीक्षा दिली. त्याच दिवशी त्यांनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींची भेट घेतली आणि भाषणात बृहदारण्यकोपनिषदातली, आपल्या प्रत्येक शाळेत म्हटली जाणारी ती प्रसिद्ध प्रार्थना उद्धृत केली. आज हे सहज वाटेल. पण अन्य धर्मांविषयीचे चर्चचे अधिकृत घोषणापत्र यायला अजून जवळजवळ एक वर्ष होते. ते ऑक्टोबर १९६५ मध्ये आले. म्हणजे रोममध्ये बिशपांची परिषद ज्या मजकुरावर वाद घालत होती, त्याची चुणूक मुंबईत आधीच दिसली. महासभेच्या तोंडावर, २५ ते २८ नोव्हेंबरला, याच विषयावर मुंबईत धर्मशास्त्रज्ञांचे एक चर्चासत्रही झाले होते. त्यात हान्स क्युंग आणि रायमुंदो पणिक्कर होते, आणि त्या निबंधांचे संपादन पुढे पुण्याचे योसेफ नॉयनर यांनी केले.

४ डिसेंबर. माझ्या दृष्टीने हा सबंध भेटीचा सर्वांत महत्त्वाचा दिवस, आणि त्याची आठवण सर्वांत कमी काढली जाते. पत्रकारांशी बोलताना पोप यांनी जगातल्या राष्ट्रांना आवाहन केले की शस्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग तरी काढून गरजूंसाठी एक जागतिक निधी उभारा. अन्नटंचाईच्या वर्षी, नुकत्याच एका युद्धातून होरपळलेल्या देशात हे उद्गार निघाले. दोन वर्षांनी, मार्च १९६७ मध्ये, पोप यांनी विकासावरचे आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले, त्यात या मुंबईच्या आवाहनाचा नावानिशी उल्लेख आहे. निधी काही उभा राहिला नाही. मुंबईत वापरलेली पांढरी लिंकन मोटार मात्र पोप यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी तिच्यावर सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतिनगर वसाहतीसाठी वापरला. लोकांना मोटारीची गोष्ट आठवते, आवाहनाची नाही. गोष्टींचे असेच असते.

५ डिसेंबर, शनिवार. पोप परत गेले.

या तारखेपाशी मी अडकले. कारण मावशी अगदी ठाम आहेत : त्या ओव्हलवर गेल्या तो रविवार होता. अण्णांची शनिवारी दुपारपर्यंत ड्यूटी होती. संध्याकाळची गाडी धरली, रविवारी सकाळी भायखळा, दिवसभर ओव्हल, रात्रीची परतीची गाडी. आणि सोमवारी शाळेत उशिरा पोहोचल्याबद्दल गुरुजींची छडी. छडी माणूस विसरत नाही. महासभेच्या काळात दोन रविवार येतात, २९ नोव्हेंबर आणि ६ डिसेंबर. २९ ला पोप अजून रोममध्ये होते, ६ ला ते परत गेलेले होते. म्हणजे कोणताही रविवार धरला तरी मावशींनी पोपला पाहिलेले असणे शक्य नाही.

मग दाढी कोणाची? हे कोडे सुटायला तसा वेळ लागला नाही. चुकीच्या जागी शोधत होते एवढेच. महासभेला पोपचा अधिकृत प्रतिनिधी पाठवण्याची प्रथा असते. मुंबईला आलेले प्रतिनिधी होते कार्डिनल अगाजानियान. जन्म १८९५, आजच्या जॉर्जियातल्या आखाल्त्सिखे गावी. वंशाने आर्मेनियन. आर्मेनियन कॅथोलिकांचे ते पंचवीस वर्षे पॅट्रिआर्क होते. १९६० पासून रोममधल्या धर्मप्रसार खात्याचे प्रमुख. म्हणजे भारतासारख्या देशांतली चर्च ज्या कार्यालयाकडे पाहतात, ते कार्यालयच त्यांच्या हाती. १९५८ च्या पोपनिवडीत त्यांचे नाव जोरात चर्चेत होते. आणि पूर्वेकडच्या धर्मगुरूंच्या परंपरेप्रमाणे त्यांना दाढी होती. छायाचित्रे पाहा, भरघोस आहे. महासभेचे उद्घाटन त्यांनीच केले. पोप येण्याआधी आणि पोप गेल्यावर त्या मंचावरचा सर्वांत मोठा मान त्यांचाच. मावशींनी खांद्यावरून जे पाहिले, ते बहुधा हेच.

म्हणजे पोप होता होता राहिलेला माणूस भुसावळच्या एका मुलीच्या आठवणीत साठ वर्षे पोप होऊन राहिला.

मौखिक इतिहासाचे विद्यार्थी इथे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचे नाव घेतील. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये 'नाटो' विरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. पण पोर्तेल्ली यांना गावकऱ्यांनी ती घटना १९५३ च्या कामगार कपातीच्या आंदोलनातली म्हणून सांगितली. पोर्तेल्ली यांचे म्हणणे असे की ही चूक फेकून देऊ नका, कारण त्या गावाला कोणती जखम खोल वाटत होती ते ही चूकच सांगते. मला हे पटते. पण सावधही व्हावेसे वाटते. 'चूकही अर्थपूर्ण असते' हे वाक्य आम्हा विद्यार्थ्यांना फार सोयीचे झाले आहे. त्यामागे लपून तारीख तपासण्याचा कंटाळा करता येतो. आधी तारीख तपासावी, मग अर्थ लावावा.

तर अर्थ काय? ध्वनिक्षेपकातून येणारा एकही शब्द कळला नाही, असे मावशी म्हणतात, ते मला महत्त्वाचे वाटते. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. अण्णांना लॅटिन उत्तरे तोंडपाठ होती, अर्थ मात्र ठाऊक नव्हता. लोकभाषेला दार उघडणारा उपासनाविषयक ठराव रोमच्या परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केला होता, म्हणजे मुंबईच्या महासभेआधी बरोबर एक वर्ष. तो व्यवहारात हळूहळू उतरला. यावरून मराठी चर्चमध्ये मराठी १९६५ नंतर आली असा समज होतो, तो चुकीचा आहे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. 'निरोप्या' तोवर साठ वर्षांचा झाला होता. घरातली प्रार्थना, भजने, पापनिवेदन हे सारे मराठीतच चाले. लॅटिन होती ती फक्त वेदीजवळ. म्हणून त्या पिढीच्या साध्या कॅथोलिकासाठी मिस्सा ही ऐकण्यापेक्षा पाहण्याची गोष्ट होती. पाहायला जी गोष्ट सर्वांत ठळक, ती मनात राहिली. दाढी राहिली. आणि खान्देशातल्या मुलीने आजवर पाहिलेले सगळे साधुपुरुष, देवळातले, चित्रातले, दाढीवालेच होते. पोप तसाच असणार, नाही का?

इथवर शास्त्र झाले. मला छळत होता तो वेगळाच प्रश्न. अण्णा रोज वर्तमानपत्र वाचत. पोप बुधवारी आले आणि शनिवारी जाणार, हे तेव्हा पहिल्या पानावर होते. रेल्वे वसाहतीत तर त्याच गप्पा असणार. म्हणजे शनिवारी संध्याकाळी गाडीत बसताना अण्णांना ठाऊक होते. सुट्टी मिळाली नाही, पोप निघून गेले, तरीही त्यांनी पाच जणांना घेऊन घाट उतरला. आणि खांद्यावरच्या मुलीला सांगितले, "बघ, ते बघ." कोण, ते सांगितले नाही.

हे मावशींना सांगावे की नाही यावर मी पंधरा दिवस घालवले. माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे पडले की ज्याची साक्ष आपण घेतो त्याला आपला निष्कर्ष कळण्याचा हक्क आहे. आईचे म्हणणे पडले, "म्हाताऱ्या माणसाचं कशाला काढून घेतेस?" शेवटी मी अगाजानियान यांचे एक छायाचित्र मोठे करून नेले. आधी तारखा सांगितल्या, मग छायाचित्र दिले.

मावशींनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिले.

"हेच ते," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "अण्णांना माहीत असणार. पेपर वाचल्याशिवाय ते चहा घ्यायचे नाहीत."

मी म्हटले, "मावशी, तुम्ही रागावलात का त्यांच्यावर?"

"कशाला रागावू? पहाटे शेडमधून यायचे, रात्री परत जायचे. एवढी एकच यात्रा झाली त्यांच्याकडून." छायाचित्र त्यांनी परत दिले नाही. "नाव काय म्हणालीस यांचं?"

मी सांगितले. त्यांनी दोनदा उच्चारून पाहिले, जमले नाही. मग छायाचित्राच्या मागे लिहून मागितले, मराठीत, आणि खाली तारीखही. ६ डिसेंबर १९६४, रविवार. मी लिहिले.